सहा वेळा हललेली पेटी

ही गोष्ट अजून घडायची आहे. त्यामुळे जिल्ह्याचं नाव सांगून आताच कुणाचा रोष कशाला ओढवून घ्या? एवढंच सांगतो, की जिल्हा आपल्याच राज्यातला, साल दोन हजार त्रेचाळीस, आणि जिल्हा परिषदेच्या इमारतीतली लिफ्ट तेव्हाही बंदच आहे.

तिसऱ्या मजल्यावर शिक्षण विभागाचा खरेदी कक्ष. तिथे केतकी हिवरेकर ही सहायक लेखाधिकारी बसायची. वय बत्तीस, बोलणं मोजकं, आणि फाईल वाचताना पेन्सिल कानावर. जिल्ह्यातल्या अकराशे त्रेचाळीस शाळांना काय लागेल, ते कुणाकडून आणि कोणत्या अटींवर घ्यायचं, पुढच्या तीन वर्षांच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद किती ठेवायची, हे सगळं तिच्या टेबलावरून जायचं.

तिच्या आधी हा कारभार कसा चालायचा ते ऐकण्यासारखं आहे. शाळेनं मागणीपत्र पाठवायचं, म्हणजे गेल्या वर्षीचंच पत्र काढून आकडे थोडे वाढवायचे. मुख्याध्यापकाला ठाऊक, की वर कपात होणार, म्हणून तो वाढवून मागायचा. वरच्याला ठाऊक, की यानं वाढवून मागितलंय, म्हणून तो कापायचा. दोघंही आपापल्या जागी हुशार, आणि त्या हुशारीपायी एकदा चार खोल्यांच्या एका शाळेला अकरा घंटा मिळाल्या होत्या. शिपायानं सगळ्या ओळीनं टांगल्या आणि रोज वेगळी वाजवली.

केतकीनं हे बंद केलं. तिनं आणलेल्या यंत्रणेचं नाव होतं ‘आयुर्मान’.

आयुर्मानचा जीव होता एका टिकलीत. कपाळावर लावतात तेवढीच, पण ती चिकटायची बाकाला, नकाशाला, तराजूला. आत दोन पातळ पापुद्रे. पहिल्याला दाबलं, हलवलं की त्यात इवलीशी वीज उमटते. घरातल्या गॅसच्या लायटरची ठिणगी याच तत्त्वावर पडते. त्या विजेवरच टिकली चालायची, सेल वगैरे काही नको. वस्तू उचलून परत ठेवली की एक ठोका. दुसऱ्या पापुद्र्यावर शाईनं काढलेली बारीक रेघ. वस्तू वाकली, आपटली, तापली की त्या रेघेला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडायच्या आणि त्या पुन्हा कधी बुजायच्या नाहीत. वाचक यंत्र जवळ नेलं की रेघ किती भेगाळली ते कळायचं. ती त्या वस्तूची झीज.

पाच वर्षांत जिल्ह्यात अशा सहा लाख टिकल्या लागल्या. वर्षातून एकदा केंद्रप्रमुख त्या वाचत, आणि आयुर्मान त्या आकड्यांवरून सांगायचं, कोणती वस्तू किती वर्षं जगेल, कोणत्या पुरवठादाराचा माल टिकतो, कोणती शाळा जपून वापरते. मागणीपत्रं संपली, कपात संपली. शेजारच्या जिल्ह्यांतले अधिकारी पाहायला यायचे तेव्हा केतकी त्यांना चहा पाजून सगळं समजावून सांगायची, आणि त्या वेळी तिच्या आवाजात जो ताठा यायचा तो तिला शोभायचा.

मार्चमधल्या एका सोमवारी आयुर्माननं पुढच्या तीन वर्षांचा आराखडा दिला. शुक्रवारी अंदाजपत्रकाची सर्वसाधारण सभा. केतकीनं विज्ञानाचं पान उघडलं. शाळाशाळांना पाच वर्षांपूर्वी एकेक विज्ञानपेटी दिलेली होती, त्यात सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्या, लोहचुंबक, तापमापक वगैरे. आयुर्मान म्हणत होतं, की पेटीचं सरासरी आयुष्य एकोणीस वर्षं. सबब तीन वर्षं नव्या पेट्यांची तरतूद शून्य. पुरवठादाराचा माल उत्कृष्ट, सबब किरकोळ बदलीसाठी त्याच्याच कराराला मुदतवाढ. वाचलेली रक्कम कुंपणभिंतींना.

खाली शाळांची क्रमवारी होती, पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना शुक्रवारच्या सभेत पुरस्कार. जपणुकीत पहिला क्रमांक: पिंपळदरा.

केतकीनं पेन्सिल खाली ठेवली. पिंपळदऱ्याचे मुख्याध्यापक प्रल्हाद हिवरेकर, म्हणजे तिचे अप्पा. चौतीस वर्षांची नोकरी, येत्या मे महिन्यात निवृत्ती. ‘माझ्या शाळेत एक काच फुटली नाही, एक वस्तू गहाळ झाली नाही,’ हे वाक्य तिनं लहानपणापासून जेवताना, प्रवासात, लग्नाकार्यांत ऐकलं होतं. आता ते सभेत, अध्यक्षांच्या हस्ते, शाल-श्रीफळासह खरं ठरणार होतं. तिचा ऊर भरून आला. तिनं उठून खिडकी उघडली आणि उगाचच दोन मिनिटं बाहेर पाहत उभी राहिली.

मग शेवटचा क्रमांक पाहिला. बोरखडी. पेटीचं आयुष्य अडीच वर्षं. शेरा: ‘बेजबाबदार वापर. शाळेची तरतूद निम्मी करावी. खुलासा मागवावा.’

बोरखडीची नोटीस टपालानंही गेली असती. पण तिथल्या मोमीन मॅडमची पत्रं केतकीला आठवत होती. पाच वर्षांत अकरा पत्रं, सगळ्यांचा विषय एकच: ‘सूक्ष्मदर्शकात भिंग नसल्याबाबत.’ अकराही पत्रांना केतकीच्या सहीनं उत्तर गेलं होतं, की संपूर्ण जिल्ह्यातून अशी अन्य एकही तक्रार प्राप्त नाही. या बाईंना एकदा बघावंच, म्हणून मंगळवारी ती स्वतः निघाली.

बोरखडीच्या शाळेचा व्हरांडा म्हणजे बाजार भरला होता. कपाटाची दारं काढून विटांवर आडवी टाकली होती आणि त्यांचं टेबल झालं होतं. त्यावर विहिरीच्या पाण्याच्या वाट्या, जळकी परीक्षानळी, अर्धा चिरलेला कांदा. एक मुलगी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ओरडत होती.

“बाई, ह्याच्यात किडे नाचायलेत! ह्येच पाणी पितो का आपन?”

“म्हणून तर उकळायला सांगते. घरी जाऊन आईला सांग, आणि सांगून थांबू नको, उकळून दाखव.” शबाना मोमीन पंचेचाळिशीच्या होत्या. ओढणी कमरेला खोचलेली, बोटांना शाईचे डाग. केतकीच्या हातातला लखोटा त्यांनी पाहिला मात्र, त्या हसल्या. “नोटीस ना? या, बसा मॅडम. त्या स्टुलावर नका, त्याचा एक पाय आम्ही लंबक करायला काढलाय.”

केतकी उभीच राहिली. “मोमीन मॅडम, पाच वर्षांत तुमच्याकडे एकशे बारा वस्तू फुटल्या. जिल्ह्यात सगळ्यांत जास्त.”

“एकशे चौदा. दोन कालच्या आहेत.” त्यांनी एक जाड वही पुढे केली. “सगळं लिहून ठेवलंय.”

ती फुटतूट नोंदवही होती, कार्यालयानं दिलेल्या नमुन्यातली. तारीख, वस्तू, नग, कारण. पण शेवटी पट्टीनं ओढून एक जादा रकाना केला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘काय शिकलो’.

केतकी वाचू लागली. परीक्षानळी, एक. आचेवर तडकली. काय शिकलो: ओली नळी एकदम आचेवर धरू नये. तापमापक, एक. उकळत्या पाण्यात घातला. काय शिकलो: ताप मोजायचा तापमापक आणि पाण्याचा तापमापक वेगळा असतो. लोहचुंबक, एक. दोन तुकडे झाले. काय शिकलो: तुकड्यालापण उत्तर-दक्षिण असते, तुकड्याच्या तुकड्यालापण. हे लिहिणाऱ्यानं खाली आनंदानं तीन रेघा ओढल्या होत्या.

“हे भिंग कुठून आणलं?” केतकीनं सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं.

“मी आणलं, शहरातून. पेटीत भिंगाच्या जागी प्लॅस्टिकची चकती होती. तुम्ही लिहिलंत, दुसऱ्या कुणाचीच तक्रार नाही. म्हटलं, आमच्याच नशिबी असेल.” त्यांच्या बोलण्यात खोच होती, पण राग नव्हता. केतकीनं वाचक यंत्र पेटीच्या टिकलीवर धरलं तशा त्या जवळ आल्या. “एक विचारू? हे यंत्र झिजलं किती ते सांगतं. झिजलं कशानं, ते नाही का सांगत?”

केतकीचा हात तसाच राहिला.

सांगत होतं. टिकली दोन्ही गोष्टी जपून ठेवायची, झीजही आणि उचलल्या-ठेवल्याचे ठोकेही. पण आयुर्मानला पाठवायची माहिती वाढली की कराराची किंमत वाढते. निविदेच्या अटी लिहिताना ‘हालचाल’ ही नोंद केतकीनंच पेन्सिलीनं खोडली होती. खरेदी आणि भांडार सांभाळणाऱ्यांची एक जात असते. त्यांच्या लेखी हललेली वस्तू म्हणजे हरवायला निघालेली वस्तू. हालचाल मोजून करायचीय काय, असं तिला तेव्हा मनापासून वाटलं होतं, आणि त्या काटकसरीचं वरून कौतुकही झालं होतं.

वाचक यंत्राला तपासणीची एक आडवाट होती, कारखान्यातल्या माणसांसाठी ठेवलेली. केतकीनं ती उघडली. पडद्यावर आकडा आला, नऊ हजार चारशे बारा.

“म्हणजे?” मोमीन मॅडमनी विचारलं.

“म्हणजे ही पेटी पाच वर्षांत नऊ हजार चारशे बारा वेळा उचलली गेली.” केतकीनं लखोटा पर्समध्ये परत ठेवला. “आणि तरी चालू आहे.”

“चालू? अहो, धावतेय!” मोमीन मॅडम म्हणाल्या, आणि मुलांकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू ती पेटी त्यांनीच घडवली होती.

बोरखडीहून पिंपळदरा चाळीस मिनिटांवर. तिथे जायचं काही कारण नव्हतं, आणि तिथेच जायला हवं हे केतकीला गाडीत बसताक्षणी कळलं होतं.

अप्पा फाटकातच भेटले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पुरस्काराची बातमी त्यांना लागली होती. “तपासायला आलीस का? तपास, तपास. मुलगी म्हणून सोडू नको.” ते इतके खूश होते, की स्वतः पुढे होऊन त्यांनी कपाट उघडलं.

डांबरगोळ्यांचा वास आला. आत विज्ञानपेटी होती, दोन पिशव्यांत गुंडाळलेली, वर सुतळी. पाच वर्षांत खोक्याचा कोपराही दुमडला नव्हता. केतकीनं यंत्र टेकवलं. झीज: शून्य पूर्णांक शून्य चार. मग आडवाट उघडली.

सहा.

तिनं पुन्हा वाचून पाहिलं. सहाच. एक आली त्या दिवसाची, आणि पाच वर्षांच्या पाच तपासण्या. दर वर्षी कपाटातून काढायची, साहेबांना दाखवायची, पुसून परत ठेवायची.

“अप्पा, ही पेटी उघडली कधी?”

“उघडायची कशाला? सीलबंद आहे. धूळसुद्धा नाही, बघ.”

केतकीनं सुतळी सोडली. अप्पांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. तिनं सूक्ष्मदर्शक काढला, खिडकीच्या उजेडात धरला. भिंगाच्या जागी प्लॅस्टिकची चकती होती.

अप्पांनी तो हातात घेतला. चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. चकतीवर नख मारलं. “भिंग नाही,” ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “पाच वर्षं भिंग नाही. आणि मी सही केलीय, माल सुस्थितीत मिळाला.”

केतकीला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी तिला रागही आला. “तुम्ही एकटे नाही, अप्पा. त्यामुळेच तर तक्रार एकच आली. बाकी कुणी पेटी उघडलीच नसणार! का ठेवलीत तुम्ही ही अशी कुलुपात? पोरांसाठीच होती ना?”

अप्पा बाकावर बसले. बाहेर दुसरीची मुलं पाढे म्हणत होती.

“तू जन्मलीस त्या वर्षीची गोष्ट,” ते म्हणाले. “मी शिक्षणसेवक होतो. शाळेला पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शक आला होता. सातवीतली मीरा काळे म्हणून मुलगी. फार चौकस. तिच्या हातून पडला आणि फुटला. वसुली माझ्या मानधनातून होणार हे मला माहीत होतं, घरात तू पंधरा दिवसांची. मी तिच्या थोबाडीत मारली. अशी मारली, की वर्ग चिडीचूप झाला.” त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवला. “ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो. तिची आई म्हणाली, ती नाही यायची म्हणते. पुन्हा कधीच आली नाही, केतकी. मी ठरवलं, वस्तू कपाटात राहिली की फुटणार नाही, आणि फुटली नाही की माझा हात उठणार नाही. तेव्हापासून एकाही लेकराला मी बोट लावलं नाही. लोक म्हणतात, हिवरेकर सर वस्तू जपतात. मी मुलंच जपत होतो गं.”

केतकीनं हे कधीच ऐकलं नव्हतं. अप्पांचं ते जेवतानाचं वाक्य तिला आठवलं, आणि त्या वाक्याच्या आत इतकी वर्षं काय कोंडलेलं होतं ते आज कळलं. ती त्यांच्या शेजारी बसली.

“मला सभेत हे सांगावं लागेल, अप्पा. नाहीतर तीन वर्षं एकाही शाळेला नवी पेटी नाही. आणि बोरखडीची तरतूद निम्मी.”

“पिंपळदऱ्याचं नाव घेशील?”

“यंत्रानं तेच पहिलं काढलंय. तेच घ्यावं लागेल.”

अप्पा उठले. पेटी आत ठेवली, कपाट लावलं आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं कुलूप ओढून पाहिलं. “चहा घेऊन जा,” एवढंच म्हणाले.

बुधवार आणि गुरुवारी केतकीनं केंद्रप्रमुखांकरवी चाळीस शाळांतल्या पेट्यांचे ठोके वाचून घेतले. आकडे येऊ लागले तसे ती एका कागदावर लिहीत गेली. सहा, सहा, सात, सहा, सात, सहा. चाळीसपैकी एकतीस पेट्या तपासणीपलीकडे हललेल्याच नव्हत्या. उरलेल्या नऊ शाळांनी पेट्या वापरल्या होत्या, पण भिंगाची वसुली आपल्यावरच येईल या भीतीनं कुणी कळवलं नव्हतं. यंत्रानं लबाडी केली नव्हती की चूकही केली नव्हती. त्याला झीज विचारली होती, त्यानं झीज सांगितली. झोपलेल्या पेटीला झीज कुठून असणार? आणि जी पेटी झिजत नाही ती टिकाऊ, तिचा पुरवठादार उत्कृष्ट, तिची शाळा आदर्श. प्रश्नच अर्धा होता, आणि तो विचारणारी केतकी होती.

ती मुख्य कार्यकारी अधिकारी राठोड साहेबांकडे गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. साहेब हुशार माणूस, ऐकून घेणारा.

“हिवरेकर, निविदेतली ती अट तुम्ही खोडलीत.”

“हो साहेब. टिपणीवर माझीच सही आहे.”

“आणि पुरस्कार तुमच्या वडिलांना आहे.”

“तेही माहीत आहे.”

साहेबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. “मग तुम्हीच मांडा. दुसऱ्या कुणी मांडलं तर लोक म्हणतील, झाकायला पाठवलाय.”

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. कुंपणभिंतींना जादा रक्कम मिळणार म्हणून सदस्य मंडळी मजेत होती. पहिल्या रांगेत पुरस्काराच्या मानकऱ्यांची खुर्ची. अप्पा तिथे पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसले होते, पायाशी एक मोठी कापडी पिशवी. त्यांनी केतकीकडे पाहिलं नाही.

केतकीनं सांगायला सुरुवात केली. अट कशी खोडली, कुणी खोडली, त्यामुळे यंत्राला काय दिसलं आणि काय दिसलं नाही. बोरखडीच्या वहीतला ‘काय शिकलो’ हा रकानाही वाचून दाखवला. पडद्यावर दोनच ओळी टाकल्या. बोरखडी: नऊ हजार चारशे बारा. पिंपळदरा: सहा.

“माझी सूचना अशी आहे,” ती म्हणाली, “की वस्तू किती वर्षं टिकली हे मोजणं आपण थांबवावं. ती फुटेपर्यंत किती हातांतून गेली, ते मोजावं. टिकलीला ते आताही कळतं, आपण फक्त विचारायचंय. पुरवठादाराचा दरही वर्षाला किती पडला असा न काढता, हाताला किती पडला असा काढावा. त्या हिशेबानं बोरखडीची पेटी जिल्ह्यातली सगळ्यांत स्वस्त आहे. आणि पिंपळदऱ्याची सगळ्यांत महाग.”

सभागृहात कुजबुज वाढली. कुंपणभिंतींचा आग्रह धरणारे भुतेकर नावाचे सदस्य उठले. “ओ मॅडम, पाच वर्षं तुमीच सांगितलं यंत्र लई भारी. आता तुमीच म्हनता चुकलं. मंग हे पैल्या नंबरचे गुरुजी हितं शाल घ्यायला बसलेत, ते काय खोटे का?”

तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची सरकली.

अप्पा उठले होते. त्यांनी पिशवीतून विज्ञानपेटी काढली आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. मग सूक्ष्मदर्शकातली ती चकती नखानं उपसून अध्यक्षांच्या तळहातावर दिली.

“मी प्रल्हाद हिवरेकर, पिंपळदरा. या चकतीतून गेली पाच वर्षं काही दिसलेलं नाही, आणि ते मला आत्ता मंगळवारी कळलं. माझ्या मुलीनं उघडली तेव्हा. पाच तपासण्या झाल्या, पाचही वेळा शेरा ‘सुस्थितीत’. भुतेकर साहेब, मी खोटा नाही. मी भ्यालेला होतो. फुटलं की वसुली, असा नियम ज्या शाळेत आहे, तिथला मास्तर कुलूपच घेऊन फिरणार. ज्या बाई भ्यायल्या नाहीत, त्यांना आपण नोटीस काढली.” ते थांबले. हात पेटीवर टेकवला. “मला शाल नको. मला एक परिपत्रक द्या. एका ओळीचं. शिकताना-शिकवताना फुटलेल्या वस्तूची वसुली होणार नाही. मला निवृत्त व्हायला दोन महिने आहेत. त्याच्या आत द्या, म्हणजे मला वापरता येईल.”

केतकी व्यासपीठावर उभी होती. आपले वडील चारशे माणसांसमोर स्वतःच्या हातानं स्वतःचा पहिला नंबर उतरवून ठेवत होते, आणि तिला वाटलं, इतका उंच माणूस आपण आजवर पाहिला नाही. तिनं डोळे पुसले, आणि कुणी पाहतंय का याची फिकीर केली नाही.

भुतेकर खाली बसले. मग पुन्हा उठले. “लिवा वो परिपत्रक,” ते म्हणाले. “आन् आमच्या गावच्या शाळेतली पेटी कितीदा हलली, तेबी सांगा. मी जाऊन बघतोच.”

पुढचं काम सभेनं केलं, ते कधी नव्हे इतक्या झटपट. कराराची मुदतवाढ नामंजूर झाली. पुरवठादारानं महिन्याभरात भिंगं बसवून द्यावीत असं ठरलं. विज्ञानपेट्यांची तरतूद परत आली, भिंतींना थोडं थांबावं लागलं. नव्या निविदेत केतकीनं स्वतः एक अट घातली. आजवर पुरवठादाराचा नमुना मोहोर लावून भांडारात ठेवायची रीत होती. आता तो मोहोरबंद करायचा नाही, पंधरा दिवस बोरखडीच्या मुलांकडे द्यायचा. जो त्यांच्या हातांतून पार पडेल त्यानं दर भरावा. अट वाचून दोन पुरवठादारांनी माघार घेतल्याचं ऐकून मोमीन मॅडम दिवसभर हसत होत्या म्हणे.

परिपत्रक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघालं. खरोखरच एका ओळीचं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केतकीच्या टपालात पिंपळदऱ्याचा लखोटा आला. आत निर्लेखन प्रस्ताव होता, म्हणजे निकामी वस्तू दप्तरातून कमी करण्याचा अर्ज. पिंपळदऱ्याचा असा अर्ज या कार्यालयात आजवर आला नव्हता. अक्षर मोत्यासारखं, ओळखीचं. नमुन्यात नसलेला एक रकाना शेवटी पट्टीनं ओढला होता.

परीक्षानळ्या, सतरा. आचेवर तडकल्या. काय शिकलो: नळी तिरपी धरावी, तोंड मित्राकडे करू नये.

तापमापक, एक. काय शिकलो: बकरीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. बकरी लाथ मारते.

कुलूप, एक. मुख्याध्यापकांकडून किल्ली हरवली, म्हणून दगडानं फोडलं. काय शिकलो: दुसरं आणायची गरज नाही.

केतकी एकटीच हसली. मग तिनं शेवटची ओळ वाचली.

सूक्ष्मदर्शक, एक. इयत्ता सातवीतल्या मुलीच्या हातून पडला. काय शिकलो: मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली.

केतकीनं कानावरची पेन्सिल काढून बाजूला ठेवली आणि शाईचं पेन घेतलं. ‘मंजूर’ असं लिहून तिनं खाली पूर्ण नाव लिहिलं, केतकी प्रल्हाद हिवरेकर, आणि तो कागद दाखवायला जिना उतरून राठोड साहेबांच्या दालनाकडे गेली.